काळ्या चौकटीत एक चौकोन

दाजींना जाऊन वर्ष होत आलं तशी पुण्यस्मरणाच्या पत्रिकेची वेळ आली. ती माझ्याच छापखान्यात छापायची, यात कुणी कुणाला विचारायचं नव्हतं. सांगलीच्या पेठेत आमचं जॉबवर्कचं दुकान आहे. वडिलांनी ट्रेडल मशीनवर सुरू केलं, मी ऑफसेट आणलं, आता एका कोपऱ्यात डिजिटलही आहे. 36 वर्षांत लग्नपत्रिकांच्या खालोखाल मी काय छापलं असेल तर दहाव्याच्या आणि वर्षश्राद्धाच्या पत्रिका. मजकूर तोंडपाठ आहे. वर 'राम कृष्ण हरी', मध्ये फोटो, खाली सकाळी 10 ते 12 कीर्तन, 12 वाजता पुष्पवृष्टी, नंतर महाप्रसाद, आणि तळाला शोकाकुल मंडळींची नावं. चारी बाजूंनी काळी चौकट.

दाजी एसटीत ड्रायव्हर होते. त्यांची मुलगी, म्हणजे माझी भाची, अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या ऑगस्टा या गावी एका हॉस्पिटलात नोकरी करते. वर्षश्राद्धासाठी ती तीन आठवडे आधी आली. दुकानात आली, स्टूल ओढलं आणि पर्समधून एक छोटी पुस्तिका काढून माझ्या टेबलावर ठेवली.

"मामा, आधी हे बघा. मग पत्रिकेचं बोलू."

सवयीनं मी आधी कागद बोटांत धरून पाहिला. चांगला जाड आर्ट पेपर, आठ पानं, मध्ये दोन पिना. मुखपृष्ठावर एका म्हाताऱ्या बाईंचा हसरा फोटो, डोक्यावर जांभळी हॅट. फोटोखाली दोन तारखा. जन्मतारखेच्या वर 'सूर्योदय' आणि मृत्यूच्या तारखेच्या वर 'सूर्यास्त' असे इंग्रजी शब्द. आत चर्चमधल्या विधीचा क्रम होता. कुठलं गीत, प्रार्थना कोण म्हणणार, दोन मिनिटं कोण बोलणार. पुढं दीड पानभर बाईंचं चरित्र. कुठं जन्मल्या, आईवडील कोण, शाळेच्या स्वयंपाकघरात किती वर्षं राबल्या, चर्चच्या गायकवृंदात कधीपासून होत्या, मागं कोण कोण राहिलं. शवपेटी उचलणाऱ्यांचीही नावं होती. दफनाची जागा होती. घरच्यांनी मानलेले आभार होते. आणि शेवटच्या पानावर, तळाशी, एक क्यूआर कोड.

"माझ्याबरोबर काम करणाऱ्या बाईंची ही आई," भाची म्हणाली. "तिकडच्या काळ्या लोकांत या विधीला होमगोइंग म्हणतात. माणूस घरी परतला, असं. दारातच प्रत्येकाच्या हातात हे देतात. आण्णांचं, म्हणजे तुमच्या दाजींचं, असं काहीतरी करायचंय मला. निदान तो कोड तरी."

मी पुस्तिका मिटली. "पोरी, त्यांची रीत वेगळी, आपली वेगळी. आपल्यात मरणाचा कागद घरात ठेवत नाहीत. तू पाहिलं नसशील, पण माझ्या लहानपणी पोस्टमन कोपरा फाडलेलं कार्ड आणायचा. तो फाटका कोपरा दिसला की बायका दारातच रडायला लागायच्या, वाचणं मागाहून. आणि वाचून झालं की कार्ड फाडून टाकायचे. मी या पत्रिका छापतो, त्यासुद्धा फाडण्यासाठीच छापतो. तारीख, वेळ, ठिकाण कळलं, कागदाचं काम संपलं. म्हणून तर लग्नपत्रिकेला सोनेरी शाई आणि याला साधा मॅपलिथो कागद."

"आणि त्या बाईंनी मला हे देताना काय सांगितलं माहिती आहे? बायबलमध्ये ठेव म्हणाल्या. त्यांच्या घरातल्या बायबलमध्ये अशी कितीतरी आहेत. आजोबांचं, पणजीचं, शेजाऱ्यांचं. पुस्तक मिटत नाही इतकी."

"कशाला ठेवतात इतकी?"

त्यावर ती जे बोलली ते मला आधी माहीत नव्हतं. अमेरिकेत गुलामगिरी असताना 1850 आणि 1860 च्या जनगणनेत गुलामांच्या वेगळ्या याद्या केल्या, पण त्यांत त्यांची नावं नाहीत. मालकाचं नाव आणि त्याखाली वय, लिंग, रंग, एवढंच. त्या माणसांची नावं पहिल्यांदा जनगणनेत आली ती 1870 साली. जॉर्जियात तर जन्ममृत्यूची राज्यभर नोंद सुरू झाली 1919 मध्ये. घराण्याचा शोध घेणाऱ्या नातवाला मागं जाताना सरकारी कागदात वाट सापडत नाही, आणि मग चर्चमध्ये वाटलेलं हे पत्रक हाती लागतं. त्यात आईबापांची नावं असतात, गावं असतात, भावंडं असतात. ऑगस्टाच्या सार्वजनिक वाचनालयानं अशी हजारावर पत्रकं जपून ठेवली आहेत, 1933 पासून 2008 पर्यंतची. जॉर्जियाच्या डिजिटल लायब्ररीत ती कुणालाही पाहता येतात.

"ज्यांची नावं कुणी लिहिली नव्हती, त्यांनी ती मरणाच्या कागदावर लिहून ठेवली," ती म्हणाली. "आपण फाडतो."

मी थोडा वेळ काही बोललो नाही. खरं सांगायचं तर छापखानेवाल्याला हे ऐकून बरंच वाटलं. पण तिनं जे सांगितलं त्यातूनच माझा मुद्दा निघत होता. "म्हणजे त्यांना तारलं कशानं? कागदानं. 1933 साली छापलेला कागद आजही कुणाला वाचता येतो. आता त्या जांभळ्या हॅटवाल्या बाईंच्या पत्रकातला कोड आणखी 90 वर्षांनी कोण उघडणार?"

तिनं उत्तर दिलं नाही, फोन काढला आणि कोडवर धरला. एक पान उघडलं, त्यावरचं बटण दाबलं, आणि माझ्या दुकानात, कटिंग मशीनच्या आवाजात, ती जॉर्जियातली म्हातारी गायला लागली. जरा चिरका आवाज, मागं टाळ्या. गाणं कसलं ते मला कळलं नाही. मशीनवरचा पोरगा मात्र मशीन बंद करून ऐकत उभा राहिला.

"हे कागदावर कसं छापाल?" तिनं विचारलं.

माझ्याकडं उत्तर नव्हतं. माझ्याकडं एक घडलेली गोष्ट होती, ती मी तिला सांगितली. काही वर्षांपूर्वी एक मुलगा वडिलांच्या वर्षश्राद्धाची पत्रिका घेऊन आला. वडील शिक्षक. त्यानं कुठल्याशा फुकट कोड बनवून देणाऱ्या ठिकाणाहून कोड करून आणला होता, वडिलांचे फोटो त्यातून उघडत होते. मी 500 प्रती छापल्या. मशीनवरून पहिला कागद निघाला तेव्हा फोन धरून पाहिलं, उघडत होतं. कार्यक्रमाच्या दिवशी मांडवात गुरुजींच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं कोड धरला तर फोटोंच्या जागी 'मुदत संपली, पैसे भरा' असं पान. शेजारच्यानं धरला, त्यालाही तेच. मुलगा संध्याकाळी माझ्याकडं आला. रागावला नव्हता, रडवेला झाला होता. अक्षराची चूक असती तर मी रात्रीत पुन्हा छापून दिलं असतं. ही चूक प्रुफात दिसणारी नव्हती. पण छापलं मी होतं, आणि त्या कोडचा पत्ता कुठं जातो हे मी विचारलं नव्हतं.

"तो बदलता येणारा कोड होता, मामा," ती म्हणाली. "त्यात फोटोंचा पत्ता नसतो, कोड बनवणाऱ्या कंपनीचा असतो. आधी तिच्या दारात जायचं आणि तिथून ती पुढं पाठवते. तिनं दार लावलं की संपलं. साध्या कोडमध्ये तसं नसतं. त्यात पत्ताच चौकोनांत मांडलेला असतो. तो कुणाला बंद करता येत नाही. त्याचे पैसेही कुणाला द्यावे लागत नाहीत."

हे मला ठाऊक होतं. क्यूआर कोड आला तेव्हा मी त्याचं जमेल तेवढं वाचलं होतं, कारण रोज कुणीतरी बिलावर नाहीतर खोक्यावर तो छापायला घेऊन यायचं. जपानमध्ये 1994 साली डेन्सो कंपनीतल्या मासाहिरो हारा यांच्या चमूनं तो मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवायला काढला. कंपनीनं पेटंट घेतलं, पण वापरणाऱ्यांकडून पैसे मागितले नाहीत. त्यातली एक गोष्ट मला फार आवडते. कोडच्या तीन कोपऱ्यांत जे मोठे चौकोन असतात, ते कॅमेऱ्याला लगेच ओळखू यावेत म्हणून या लोकांनी छापील कागद धुंडाळले. जाहिरातींची पत्रकं, मासिकं, पुठ्ठ्याची खोकी. काळ्या-पांढऱ्याचं कुठलं प्रमाण छपाईत सगळ्यांत कमी येतं ते शोधलं. ते निघालं एकास एक, तीन, एक, एक. जगभरच्या छापखान्यांतून चुकूनही सहसा न निघणारी ती आकृती, आणि आता माझ्या छापखान्यातून दिवसाला दहा वेळा निघते.

"पत्ता बंद पडत नाही हे कबूल," मी म्हणालो. "पण पत्त्यावरचं घर पडतं. जिओसिटीज नावाच्या साइटवर लोकांनी घरंच बांधली होती, 2009 ला ती पाडली. ऑर्कुट 2014 च्या सप्टेंबरात बंद झालं. तुझ्या कॉलेजचे फोटो त्यावरच होते ना? आणि आता तर गूगलही दोन वर्षं खातं उघडलं नाही तर पुसून टाकायची मुभा घेतं. माणूस मेल्यावर त्याचं खातं कोण उघडतं?"

"आणि कागदाचं घर पडत नाही? 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाखाली पाणी 57 फुटांवर गेलं तेव्हा इथं काय झालं, ते मला फोनवर तुम्हीच सांगितलं होतं."

ते खरं होतं. वडिलांच्या काळापासून मी प्रत्येक कामाची एक प्रत नमुना म्हणून फायलीत लावत होतो. खिळे जुळवून केलेल्या पत्रिका, ब्लॉकचे फोटो, सांगलीतल्या निम्म्या घरांची लग्नं आणि मरणं त्या फायलींत होती. सहा दिवस पाणी दुकानात होतं. ओसरल्यावर कपाट उघडलं तर फायलींचा एकच गठ्ठा झाला होता, राखाडी, पिठासारखा. पानं सुटी करायला गेलो तर बोटांत येत होती. फावड्यानं भरून ते बाहेर टाकलं. त्यात माझ्या वडिलांच्या दहाव्याची पत्रिकाही होती.

"म्हणजे दोन्ही बुडतात," ती हळू आवाजात म्हणाली.

"बुडतात. पण फरक बघ. कागदाच्या 500 प्रती 500 घरांत गेलेल्या असतात. माझ्याकडची गेली तरी कवठ्याला, मिरजेला कुणाच्या तरी ट्रंकेत एखादी असते. तुझं पान जगात एकाच जागी असतं. ते गेलं की 500 कागदांवरचे 500 कोड एका क्षणात आंधळे."

ती विचार करत राहिली. मग म्हणाली, "कोडमध्ये पत्त्याऐवजी मजकूरच भरला तर? इंटरनेट लागणारच नाही. सगळ्यांत मोठ्या कोडमध्ये 2,953 बाइट मावतात. देवनागरीच्या एका चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे काना-मात्रा-वेलांट्या धरून साधारण 980 चिन्हं. आण्णांचं छोटं चरित्र बसेल."

"बसेल. पण त्या कोडच्या एका बाजूला 177 घरं होतात. पत्रिकेवर दोन-अडीच सेंटिमीटरची जागा. एक घर मिलिमीटरच्या सातव्या भागाएवढंही भरणार नाही. मॅपलिथोवर शाई पसरते, शेजारची घरं एकमेकांत मिसळतील. आणि अगं, तेवढाच मजकूर असेल तर तो अक्षरांतच छापू की! डोळ्यांनी वाचता येईल."

तिनं मान वर केली. "मग छापा ना. आत्तापर्यंत का नाही छापला कधी?"

या प्रश्नानं मी अडलो. 36 वर्षांत मी माणसांच्या मरणाच्या एवढ्या पत्रिका छापल्या आणि त्यांतल्या एकाही पत्रिकेत तो माणूस कोण होता हे लिहिलेलं नव्हतं. पुढाऱ्याचं, कारखान्याच्या संचालकाचं असेल तर पदं असतात. बाकीच्यांचं नाव, तारीख आणि 'यांचे दुःखद निधन झाले'. ट्रकवर हमाली करून तीन पोरं शिकवणारा असो की गावच्या बायकांची बाळंतपणं करणारी सुईण असो, मजकूर तोच, फोटो तेवढा बदलायचा.

आमच्या मूळ गावी वेशीजवळ एक वीरगळ आहे. खालच्या टप्प्यात लढाई, मधल्यात अप्सरा त्याला घेऊन चालल्यात, वर तो शिवलिंगाची पूजा करतो आहे, आणि माथ्यावर चंद्रसूर्य. चंद्रसूर्य असेतो याचं नाव राहो, असा त्याचा अर्थ. नाव मात्र त्यावर कोरलेलंच नाही. त्या काळी कोरायची गरज वाटली नसेल, सगळ्या गावाला ठाऊक होतं. आज गावातला कुणीही तो कोण ते सांगू शकत नाही. माझ्या पत्रिका तशाच होत्या, हे मला त्या दुपारी पहिल्यांदा दिसलं.

मी तिला वीरगळाचं सांगितलं. ती म्हणाली, "निदान तो लढाईत मेला हे तरी दगड सांगतो. बंद पडलेला कोड तर तेवढंही सांगत नाही. तुमची भीती मला कळते, मामा. पण मग नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांकडं आपल्या पंजोबाचं नाव सापडतं, ते कसं राहिलं? तोही कागदच. वाळवी, पाणी, सगळं त्यालाही आहे."

"कारण ती नामावळी सांभाळणारा माणूस आहे. चोपडी जुनी झाली की पोरगा उतरवून काढतो. पिढ्यान्‌पिढ्या त्या घराचा तो धंदा आहे. त्याचं पोट त्या चोपडीवर, म्हणून चोपडी जगली. तुझ्या पानाला असा उपाध्याय कोण?"

"मी," ती म्हणाली.

"तू आहेस. तुझ्यानंतर?"

इथं ती चिडली नाही याचं मला कौतुक वाटलं. तिनं वही काढली आणि लिहायला लागली. पानाचा पत्ता तिच्या स्वतःच्या नावानं घ्यायचा, कुठल्या स्मृतिस्थळवाल्या कंपनीच्या दारातून जायचं नाही. पैसे दहा वर्षांचे एकदम भरायचे. पानाची एक नक्कल इंटरनेट आर्काइव्हमध्ये उतरवून ठेवायची. मूळ रेकॉर्डिंग चार घरांत, चार पेन ड्राइव्हवर. आणि माझ्या मुलाला पासवर्ड. माझा मुलगा तिथंच होता, त्यानं हो म्हटलं. मी त्याला म्हणालो, नुसतं हो म्हणू नकोस, दर वर्षी दाजींच्या तिथीला पान उघडून बघायचं, आवाज येतो का ऐकायचं. तेही वहीत लिहून झालं.

मग रेकॉर्डिंगचा विषय निघाला, आणि खरा वाद तिथं झाला.

चार वर्षांपूर्वी ती आली असताना दाजींना गाडीनं चिपळूणला घेऊन गेली होती. गाडी तिचा नवरा चालवत होता, दाजी शेजारी बसलेले. पावसाळा होता. कोयनानगर मागं पडलं, हेळवाक आलं आणि कुंभार्ली घाट लागल्यावर दाजी बोलायला लागले, ते पोफळीपर्यंत थांबलेच नाहीत. तिनं फोन चालू केला होता. 40 मिनिटं. कुठल्या वळणाला समोरची गाडी दिसत नाही, धुक्यात हॉर्न किती लांब द्यायचा, ब्रेक तापले की कसला वास येतो. ज्या गिअरमध्ये चढायचं त्याच गिअरमध्ये उतरायचं, पोरा, ब्रेकच्या भरवशावर घाट उतरू नये. मध्येच एका वळणावर ते गप्प होतात, आणि मग सांगतात की इथं एकदा मध्यरात्री बंद पडलेल्या गाडीत एक बाई बाळंत झाली, बाकीच्या बायकांनी साड्यांचा आडोसा केला होता. मी ते दुकानात बसून पूर्ण ऐकलं. दाजी माझ्याशी 30 वर्षांत इतकं बोलले नव्हते.

"हे सगळं पानावर टाकायचं," ती म्हणाली.

"सगळं नाही." ताईनं, म्हणजे तिच्या आईनं, रेकॉर्डिंग आधीच ऐकलं होतं आणि मला बजावलं होतं. त्यात सहा-सात मिनिटं बांधाच्या भांडणाची होती. धाकट्या भावानं काय केलं, तलाठ्यानं काय केलं. तो भाऊ हयात आहे आणि पत्रिकेत त्याचं नाव शोकाकुल म्हणून पहिल्या तिघांत आहे.

"ते आण्णांचंच बोलणं आहे. कापलं तर ते आण्णा राहतील का?"

"ते गाडीत बोलले, तुझ्याशी आणि जावयाशी. चौकात उभं राहून बोलले नाहीत. पत्रिका कुणाच्या हातात जाईल सांगता येत नाही, कोड कुणीही उघडू शकतो. गेलेला माणूस आता 'हे नको टाकू' म्हणू शकत नाही. त्याच्या वतीनं आपणच म्हणायचं."

जन्मतारखेवरूनही तेच झालं. ती पूर्ण तारीख, आजीचं नाव, मूळ गाव, सगळं पानावर घालणार होती. मी म्हणालो, बँकवाले फोनवर ओळख पटवायला हेच विचारतात. लबाड माणसं मयताच्या घरालाही सोडत नाहीत. तिनंच मग कॅनडातलं प्रकरण सांगितलं. तिथं एका कंपनीनं लोकांचे दहा लाखांवर मृत्युलेख आणि फोटो न विचारता उचलून आपल्या साइटवर लावले आणि त्यांच्या शेजारी फुलं आणि आभासी मेणबत्त्या विकल्या. 2019 मध्ये तिथल्या फेडरल कोर्टानं त्या कंपनीला दोन कोटी डॉलर भरपाई द्यायचा आदेश दिला. हे सांगता सांगता तिनं स्वतःच जन्मतारीख खोडून नुसतं साल ठेवलं. बांधाची सात मिनिटं तिनं पेन ड्राइव्हवर राहू दिली, पानावरून काढली. घरातलं घरात.

आता पत्रिका. मी संगणकावर पान उघडलं. दाजींबद्दल 70 शब्द लिहायचे असं ठरलं, आणि ते 70 शब्द लिहायला आम्हाला दोन संध्याकाळी लागल्या. 31 वर्षांची नोकरी, सांगली-चिपळूण मार्ग, एकही जीवघेणा अपघात नाही. बदली ड्रायव्हर आला नाही म्हणून स्वतःच्या लग्नाच्या आदल्या दिवशीही केलेली फेरी. त्यांच्या आईवडिलांची नावं आम्ही आवर्जून घातली. तिच्या ऑगस्टाच्या पत्रकानं एवढं नक्की शिकवलं होतं.

मग नावांची यादी. दाजींच्या भावानं लिहून दिलेल्या यादीत भाऊ होते, पुतणे होते, चुलत घराणं होतं. भाचीचं नाव नव्हतं. शेवटी 'समस्त परिवार' होता, त्यात ती आली, असं धरायचं. अशा यादीत मुलींची नावं नसतात हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे की ते दिसेनासं झालं होतं.

"पानावर माझं नाव येईलच," ती म्हणाली. तिनं ते तक्रारीच्या सुरात म्हटलं नाही. "म्हणून तर मला कोड हवा होता, मामा. तिथं मला कुणाची परवानगी लागत नाही."

तिच्या हट्टाचं मूळ इतक्या दिवसांनी असं कळलं. मी तिच्या काकांना फोन लावला. दहा मिनिटं बोललो, आवाजही चढला माझा, शेवटी ते 'बरं' म्हणाले. यादीत पहिलं नाव पत्नीचं आणि दुसरं मुलीचं टाकलं. हे कागदावरच व्हायला हवं होतं. कोडच्या आड लपवून देण्यासारखी ती गोष्ट नव्हती.

जागेची अडचण मात्र झाली. फोटो, 70 शब्द, कार्यक्रम, वाढलेली नावं आणि अडीच सेंटिमीटरचा कोड. कोडच्या भोवती चारी बाजूंनी त्याच्या चार घरांएवढी मोकळी पांढरी जागा लागते, नाहीतर फोनला तो सापडत नाही. मी अक्षर अर्ध्या पॉइंटनं कमी केलं, ओळींमधलं अंतर दाबलं. तरी कोड चौकटीच्या रेघेला चिकटत होता. फोटो लहान करायला मन होईना. कोड काढून टाक म्हणायची आता माझीच तयारी नव्हती. बराच वेळ पडद्याकडं बघत बसलो आणि मग ती काळी चौकट निवडून डिलीट केली. चारी बाजूंनी आठ-आठ मिलिमीटर मोकळे झाले. सगळं बसलं. माझ्या हातून चौकटीशिवाय निघालेली ती पहिली पत्रिका.

प्रूफ काढून आम्ही घरी गेलो. आत्ती ओसरीवर बसली होती. दाजींची थोरली बहीण, 80 च्या पुढची. तिला वाचता येत नाही. मी आजवर छापलेल्या कुठल्याही पत्रिकेतून तिला फोटोपलीकडं काही मिळालेलं नाही, हा विचारसुद्धा मला कधी शिवला नव्हता. भाचीनं प्रूफ तिच्या मांडीवर ठेवलं, फोन वर धरला. दाजी बोलायला लागले. हेळवाक गेलं बघा, आता घाट लागला.

आत्तीनं हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. भावाचा घाट पूर्ण उतरून होईस्तोवर ती हलली नाही. मग म्हणाली, "यात हाय व्हय त्यो? ह्या कागदात?"

"कागदात नाही आत्ती, फोनमध्ये येतो. कागद त्याचा पत्ता आहे," भाची म्हणाली.

"मग ह्यो माज्याकडं असू दे."

ते प्रूफ होतं. त्यात 'वळण'चं 'वळन' राहिलं होतं, मला ते दुरुस्तीला परत हवं होतं. मी दोनदा मागितलं. आत्तीनं कागदाची चार पदरी घडी केली, कमरेची चंची सोडली, पानसुपारीच्या कप्प्याशेजारी ती घडी ठेवली आणि दोरी ओढून घेतली.